*थंडीत गाडी लागत नाही? आधी हवेची वाट तपासा*



आज कीड-रोगावर नाही, इंजिनावर लिहिते आहे. थंडी पडली की फोन सुरू होतात, "मॅडम, माल भरून ठेवला आहे, पण टेम्पो लागत नाही." मी मिस्त्री नाही, कृषी पदविकेत शेती यंत्रांचा एक विषय शिकले तेवढंच. पण हा धडा घरीच महागात शिकले, म्हणून सांगते.

मागच्या जानेवारीत पहाटे चारला आमच्या जुन्या डिझेल टेम्पोत कळमन्याला न्यायची फुलकोबी भरली होती. सेल्फ मारून मारून बॅटरी बसत आली. मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. काडीला चिंधी गुंडाळली, डिझेलमध्ये भिजवली, पेटवली आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी धरली. गाडी लागली, पण ज्योत आत ओढली गेली. फिल्टरचा कागद पेटला, रबरी नळी वितळली, चुलतभावाचा हात मनगटापर्यंत भाजला. लिलाव संपल्यावर माल पोहोचला. नंतर कळलं, चारपैकी दोन हीटर प्लग जळालेले होते. दुखणं एवढंच होतं.

*इंजिनाला ऊब कशाला लागते?*

डिझेल इंजिनात कार्बोरेटर नसतो, ठिणगीही नसते. हवा दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेट घेतं. बाहेरची हवा आणि लोखंड दोन्ही थंड, त्यात बॅटरी मंद, मग दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे चांगली गाडीही कुरकुरते.

म्हणून काही गाड्यांत हीटर प्लग असतात. काही जुन्या ट्रॅक्टरांत मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळकांड्यात, थर्मोस्टार्ट बसवलेला असतो. चावी 'हीट'वर १५-२० सेकंद धरली की त्याची तार लाल होते, त्यावर थोडं डिझेल येऊन जळतं आणि आत जाणारी हवा गरम होते. म्हणजे चिंधीचंच काम, पण मोजून आणि बंद जागेत. बऱ्याच ट्रॅक्टरांत मात्र त्याची डिझेलची बारीक नळी कुणीतरी केव्हाच बंद करून टाकलेली असते.

*पेट्रोल इंजिनाची गोष्ट वेगळी*

जुनी पेट्रोल जीप, ट्रक किंवा पेट्रोल-रॉकेलवरचा पंप असेल तर कार्बोरेटर आला. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं, तसंच. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात तापमान वीसेक अंशांनी सहज उतरतं. त्यामुळे बाहेर १०-१२ अंश असले आणि कन्हानकाठी धुकं असलं तरी आत बर्फ धरू शकतो. खूण अशी: गाडी लागते, दोन-चार मिनिटं चालते, मग आचके देऊन बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा नीट लागते, कारण इंजिनाच्या उबेनं बर्फ वितळलेला असतो.

हे ओळखूनच जुन्या इंजिनांत हवेचा मॅनिफोल्ड धुराच्या मॅनिफोल्डला चिकटवून बसवत. धुराची उष्णता वर मिळते आणि पेट्रोलची नीट वाफ होते. जगभर जुन्या ट्रकचे हौशी लोक "ताकद वाढते" म्हणून नवा मोकळा मॅनिफोल्ड बसवतात आणि ही ऊब घालवून बसतात. आपल्याकडे सायलेन्सर बदलताना गरम हवेची पत्र्याची नळी फेकून देतात. परिणाम तोच: थंडीत गाडी अडते आणि पेट्रोल जास्त पिते.

रॉकेलच्या पंपाचंही तसंच. पेट्रोलवर सुरू करा, इंजिन नीट तापलं की मगच रॉकेलवर घ्या. थंड इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही, ते तसंच खाली उतरून ऑइल पातळ करतं. बंद करण्याआधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवा.

*खापरखेड्याची खास अडचण: राख*

आपल्या शेजारी १,३४० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, पलीकडे कोराडी, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. कपाशीच्या पानावर बसते तीच राख इंजिनही ओढतं. राखेत सिलिका असते. ती ऑइलमध्ये मिसळली की रिंगा आणि लायनर घासते. कॉम्प्रेशन गेलं की थंडीत गाडी लागणं आणखी अवघड. मग नवा मॅनिफोल्ड बसवून काही उपयोग नाही.

*या आठवड्यात एवढं करा*

✅ फिल्टरनंतरची नळी काढून आत पांढरा रुमाल फिरवा. रुमाल राखाडी झाला तर कुठेतरी गळती आहे. क्लॅम्प, चिरलेली रबरी नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा.
✅ ऑइलचा एअर क्लीनर असेल तर धुळीच्या कामात दर ८-१० तासांनी उघडा. चिखल झाला असेल तर ऑइल बदला. ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि सुसाट सुटू शकतं.
✅ हीटर प्लग किंवा थर्मोस्टार्ट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बॅटरीची टोकं घासून घट्ट करा.
✅ पेट्रोल इंजिनाची गरम हवेची नळी जागेवर आहे का पहा. नसेल तर पत्र्याची करून घ्या.

❌ जळती चिंधी नको.
❌ हीटर प्लग किंवा थर्मोस्टार्ट असलेल्या गाडीत ईथरचा स्प्रे मारू नका. स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो.
❌ फिल्टर काढून गाडी चालवू नका, "आजच्या दिवस"सुद्धा नाही.
❌ दार बंद करून शेडमध्ये इंजिन तापवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही.

मिस्त्री "मॅनिफोल्डच बदला" म्हणाला तर आधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा. ते ठीक असेल तर बहुतेक वेळा गॅस्केट, नळी किंवा प्लगवर काम भागतं.

चुलतभावाचा हात आता बरा आहे, पण दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. त्या दिवशीच्या फुलकोबीचे पैसे आम्ही केव्हाच विसरलो.

घरात गाडी चालवणारा जो असेल, त्याला हा मेसेज नक्की वाचून दाखवा. पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर बोलू.

आपली,
कृषी सल्लागार, खापरखेडा 🙏