दोष बोटांचा की गिटारचा?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातले सूरजागड लोहखनिजासाठी ठाऊक आहे. गिटारशी त्याचा संबंध जोडणे कुणालाही चमत्कारिक वाटेल. परंतु परवडणाऱ्या गिटारचे दुखणे नेमके काय असते, हे समजून घ्यायचे तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्याइतका चांगला नमुना शोधून सापडायचा नाही. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो आणि हवा ठणठणीत कोरडी होते. पाऊस सुरू झाला की महिनाभरात तोच प्रदेश ओलसर हवेत बुडून जातो. लाकडाच्या वाद्याची यापेक्षा कठोर परीक्षा राज्यात क्वचितच कुठे होत असेल. त्यात गिटार आता कुरिअरने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचते, ती नीट करून देणारा कारागीर मात्र मोठ्या शहरातच बसलेला असतो. एटापल्लीहून नागपूर अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

शहरातली कथा फारशी वेगळी नाही. परीक्षा संपते, मुलगा किंवा मुलगी हट्ट धरते आणि तीन-चार हजारांची गिटार घरी येते. पहिल्या आठवड्यात बोटांची टोके दुखतात. ते स्वाभाविकच असते, कारण पोलादी तारांची सवय व्हायला दिवस लागतात. पण महिना उलटला तरी बोटे दुखायची थांबत नाहीत, स्वर बेसूर येतात आणि गिटार कपाटावर जाऊन बसते. 'याला काही जमायचे नाही,' असा शेरा मारून घरातले मोकळे होतात. तो शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो. वाद्य मुळात वाजण्याजोगे केलेलेच नसते.

गिटारची मान, तिच्यावरचे धातूचे पडदे म्हणजे फ्रेट, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या सहा तारा यांच्यातले अंतर हा साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट. सतारीवर हे काम तारगहन करते. दुसऱ्या टोकाला, पोटावरच्या घोडीत बसवलेली पट्टी म्हणजे सॅडल. नट आणि सॅडल यांची उंची तारा पडद्यांपासून किती वर राहतील हे ठरवते. बाराव्या पडद्यावर जाड तार साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोन मिलिमीटरच्या आत असली, तर गिटार हाताला सुखाची वाटते. स्वस्त गिटारीत हे अंतर चार मिलिमीटरपर्यंतही आढळते. आकडा किरकोळ दिसतो, पण बोटाला तो चांगलाच जाणवतो.

त्याहून अधिक छळ नटच्या खाचा करतात. त्या पुरेशा खोल कापलेल्या नसल्या, तर पहिल्या दोन-तीन पडद्यांपाशी तार दाबायला भलता जोर लागतो. नवशिक्याचे सारे पहिले धडे नेमके तिथेच असतात. 'एफ' या कॉर्डसाठी एकाच बोटाने पहिल्या पडद्यावरच्या सहाही तारा दाबाव्या लागतात. या कॉर्डपाशी किती जणांनी गिटार सोडली असेल याची गणती नाही. शिवाय उंच तार दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणजे मोकळ्या तारा अगदी सुरात लावल्या तरी कॉर्ड बेसूरच ऐकू येते. विद्यार्थ्याला वाटते, आपला कान कच्चा आहे.

कारखान्यांना हे कळत नाही असे नव्हे. पडद्यांच्या खाचा आता यंत्र कापते. त्यामुळे पडद्यांची जागा चुकण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा बरेच कमी झाले आहे. अडते ते शेवटच्या हातकामापाशी. पडदे एका पातळीत घासणे, त्यांची टोके गुळगुळीत करणे, नटच्या खाचा एकेका तारेच्या जाडीप्रमाणे कानशीने उतरवणे या कामांना कसलेला हात आणि वेळ लागतो. कमी किमतीच्या मालात वेळ हीच सर्वांत महाग वस्तू ठरते. दुसरे कारण अधिक धूर्तपणाचे आहे. तार जास्त खाली आली तर ती पडद्याला लागून झणझणते, आणि झणझणणारी गिटार गिऱ्हाईक लगेच परत करते. उंच तारांची गिटार मात्र दुकानात स्वच्छ वाजते. तिचा त्रास घरी गेल्यावर सुरू होतो आणि तो गिऱ्हाईक स्वतःच्या बोटांच्या नावावर जमा करतो. खाच कमी खोल राहिली तर पुढे कापता येते, जास्त कापली तर नट बदलावी लागते. त्यामुळे चूक झालीच तर ती उंचीकडे होईल, अशी सोय आधीच केलेली असते.

या बाबतीत मिरजेकडे पाहण्यासारखे आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा कापून, वाळवून, त्याला दांडी जोडून, तारा चढवल्या म्हणजे तंबोरा तयार झाला, असे मिरजेतला कारागीर मानत नाही. घोडीचा पृष्ठभाग हलक्या हाताने घासत, कान लावून जवारी काढली जाते, तेव्हाच वाद्य गिऱ्हाइकाच्या हाती पडते. वापराने जवारी बिघडली की वादक वाद्य पुन्हा कारागिराकडे नेतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. गिटारच्या बाबतीत अशा जुळवणीला 'सेटअप' म्हणतात. आपल्याकडे गिटार खोक्यातून येते, म्हणून ती मिक्सरसारखी थेट वापरायची वस्तू आहे असा समज होऊन बसला आहे.

लाकूड आणि हवा

जुळवणी एकदा झाली म्हणजे कायमची झाली, असेही नाही. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण असतो, म्हणजे एका प्रौढ माणसाचे वजन अहोरात्र मानेला वाकवू पाहत असते. त्याला तोंड देण्यासाठी मानेच्या आत लोखंडी कांब घालतात, तिला ट्रस रॉड म्हणतात. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या कांबेचे पेटंट १९२३ साली घेतले. अगदी स्वस्त गिटारींत ही कांब फिरवण्याची सोय नसते. मग मान वाकली की उपाय फारसा उरत नाही.

उरलेले काम हवा करते. लाकूड रेषांच्या दिशेने फारसे वाढत नाही, आडवे मात्र फुगते आणि आक्रसते. पावसाळ्यात दारे अडकतात ती याचमुळे, आणि बल्लारपूरचा सागवानही पुरता वाळल्याखेरीज शहाणा सुतार चौकटीला लावत नाही. दमट हवेत गिटारचे पोट फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा आणखी उंच होतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलटे घडते. पोट खाली बसते, तारा झणझणू लागतात, मानेवरची पट्टी आक्रसते आणि न आक्रसणाऱ्या पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन तळव्याला ओरखडतात. पोट अखंड फळीचे असेल तर त्याला चीरही पडते. प्लायवूडच्या पोटाची गिटार या बाबतीत अधिक सोशिक असते. आवाजात ती थोडी उणी पडत असेल, पण चंद्रपूरच्या घरात पहिली गिटार म्हणून तीच शहाणपणाची.

विकत घेताना अर्धे दोष उपकरणावाचून ओळखता येतात. तार तिसऱ्या पडद्यापाशी दाबून पहिल्या पडद्यावर पाहावे. तिथे कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. मग तीच तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकदम दाबावी. मधल्या भागात, सातव्या पडद्याच्या आसपास, पाव मिलिमीटरची फट असली तर मान ठीक. नंतर बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर आणि तिथेच तार दाबून काढलेला स्वर एकच येतो का, हे ऐकावे. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहावी. दुकानदार कंटाळेल, पण कंटाळू द्यावा.

तारा उंच असतील तर सॅडल काढून खालच्या बाजूने घासता येते. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्याने तिथली उंची एक मिलिमीटर कमी करायला सॅडलचे दोन मिलिमीटर जातात, हे घासण्याआधी ध्यानात ठेवावे. सॅडल आधीच घोडीच्या पातळीला टेकलेली असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर दोष मानेच्या कोनात आहे. ती गिटार घेऊ नये. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारवर पोलादी तारा चढवण्याचा उद्योगही करू नये, त्या ताणाने घोडी उखडते. नटच्या खाचा मात्र जाणत्याकडूनच कापून घ्याव्यात.

आणि जंगलपट्ट्यातल्या उन्हाळ्यात गिटार भिंतीवर टांगून ठेवू नये. बंद केसमध्ये, भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर पिळलेला स्पंज ठेवला आणि तो दर दोन-तीन दिवसांनी भिजवला, तर मे महिना निभावतो. पाऊस सुरू होताच ती डबी काढून टाकायची.