पाहुण्यांना महिन्याचा पास

२०२१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वसामान्यांना मुंबईच्या लोकलचं साधं तिकीट मिळत नव्हतं. जाण्याचं नाही, परतीचंही नाही. मिळायचा तो महिन्याचा पास, आणि तोही दुसरा डोस घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांना. १५ ऑगस्टपासून लागू झालेला हा नियम कुणासाठी होता ते उघड होतं: डोंबिवलीहून फोर्टात येणारे, विरारहून अंधेरीला जाणारे, गाडी बंद असल्यामुळे महिनोन् महिने बसच्या रांगेत उभे राहिलेले किंवा पगाराविना घरी बसलेले लोक. नुसती मुंबई बघायला आलेल्या माणसाचा विचार त्यात नव्हता, आणि तेव्हा तो असण्याचं कारणही नव्हतं. सोलापूरहून निघालेल्या आम्हा दोघी बहिणींना त्यामुळे आधी पासधारक व्हावं लागलं.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०२०च्या उन्हाळ्यात निवृत्त झाली. निरोपसमारंभ झालाच नाही. शाळा बंद होती. मुंबईला ती याआधी आली होती ती लग्नांना आणि एकदा इस्पितळात कुणाच्या तरी सोबतीला. शहर म्हणून मुंबई तिने पाहिलीच नव्हती. तिची इच्छा अगदी नेमकी होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, हे वाक्य तिने मुलांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतलं होतं. त्या मार्गावरून एकदा खिडकीपाशी बसून जायचं, एवढंच तिला हवं होतं.

सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये वातानुकूलित डब्याला पडदे नव्हते आणि चादर-ब्लँकेटही मिळत नव्हतं, म्हणून घरून सोलापुरी चादरी घेतल्या होत्या. पहाटे दादरला उतरलो.

दादर स्थानकात शिरायच्या एरवीच्या वाटांपैकी कित्येक पत्रे आणि बांबू लावून बंद केल्या होत्या. उरलेल्या वाटेवर, तिकीट खिडक्यांच्या अलीकडे, पालिकेचा मदत कक्ष होता. कक्ष म्हणजे दोन टेबलं, चार खुर्च्या, एक बॅनर, शाईचा पॅड आणि रबरी शिक्का. ऑगस्टमध्ये मुंबई महानगर प्रदेशातल्या १०९ स्थानकांवर अशी टेबलं मांडली गेली होती, त्यातली ५३ स्थानकं मुंबई पालिकेच्या हद्दीत. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत, दोन पाळ्यांत. स्मार्टफोन असणाऱ्याला सरकारी संकेतस्थळावर स्वतःचा फोटो चढवून क्यूआर कोडचा पास काढता येत होता. पण ज्याच्याकडे तसा फोन नाही, किंवा फोन आहे आणि ओटीपीच येत नाही, असा प्रत्येक जण या टेबलाशी येऊन थांबत होता.

आम्ही तिथे बराच वेळ होतो, कारण रांग मोठी होती आणि कारण मला ते काम पाहत राहावंसं वाटलं. टेबलावरची बाई प्रमाणपत्र हातात घेतलं की आधी ते अंतिम आहे की पहिल्या डोसचं, हे पाहायची. मग दुसऱ्या डोसची तारीख. मग पुढ्यात ठेवलेल्या खिशात मावणाऱ्या कॅलेंडरवर पेनाच्या टोकाने चौदा घरं मोजायची. दिवसभरात तीच मोजणी किती वेळा करावी लागत असेल! तरी ती दर वेळी मोजत होती, अंदाजाने सोडत नव्हती. नंतर ओळखपत्र. नाव जुळलं की म्हणायची, ‘‘मास्क जरा खाली घ्या,’’ आणि समोरचा माणूस क्षणभर मास्क उतरवायचा. त्या क्षणी ती स्वतः किंचित मागे व्हायची आणि श्वास धरायची. मग शिक्का: एक प्रमाणपत्राच्या प्रतीवर, एक ओळखपत्राच्या प्रतीवर. प्रत नसेल तर बोट समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे. तिथे रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशनचा धंदा जोरात होता. ज्या दुकानात एरवी कॉलेजच्या नोट्स निघायच्या, तिथे आता सगळ्यांचा एकच कागद निघत होता.

ताईच्या आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं, प्रमाणपत्रावर ते नव्हतं. बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले.

‘‘जन्माचं वर्ष सांगा.’’

ताईने सांगितलं.

‘‘काय करत होता?’’

‘‘शिक्षिका. प्राथमिक शाळेत.’’

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. ‘‘मीही पालिकेच्या शाळेतच आहे. इथे ड्यूटी लावलीय. मग बाई, तुम्हाला काय सांगायचं? एवढी जनगणना केलीत, निवडणुका केल्यात. स्पेलिंग काय असतात ते तुम्हाला माहीतच आहे.’’ आणि शिक्का मारला.

मला वाटतं, त्या काळात मुंबई चालू राहिली त्यात डॉक्टर-परिचारिकांच्या मागोमाग या माणसांचा वाटा आहे. रोज सुमारे ७५ लाख माणसं ज्या गाडीने जायची, ती २२ मार्च २०२०च्या रात्री थांबली. पुढे ती एका वेळी एका गटाला मिळत गेली: आधी जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांना, मग ऑक्टोबरमध्ये महिलांना ठरावीक वेळांत, मग २०२१च्या फेब्रुवारीत सगळ्यांना पण गर्दीची वेळ सोडून, आणि एप्रिलमध्ये पुन्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना. प्रत्येक बदलाचा आदेश मंत्रालयातून निघे. पण दाराशी उभं राहून ‘तुम्ही चला’ आणि ‘तुम्ही थांबा’ हे तोंडावर सांगायचं काम शिक्षक, कारकून, तिकीट तपासनीस आणि रेल्वे पोलीस यांच्या वाट्याला आलं. नियम त्यांनी केलेला नव्हता, राग मात्र त्यांनीच झेलला.

तो राग आमच्या समोरच एकदा उसळला. निळा फ्रॉक घातलेल्या मुलीला घेऊन एक बाई आली होती. तिचा स्वतःचा पास होता. मुलगी आठवीत. ४ ऑक्टोबरला मुंबईतल्या शाळांचे आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले होते, आणि शाळा दादरला, घर पार कल्याणच्या पुढे. अठराखालच्यांना लस नव्हतीच, त्यामुळे पासही नव्हता.

‘‘शाळा तुम्हीच उघडली ना? मग हिने यायचं कसं?’’

टेबलावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘ताई, मला शिक्का मारायचा अधिकार नाही. मारला तरी खिडकीवर अडवतील. हिला सकाळी बसने आणता येईल का?’’

‘‘कल्याणहून? बसने? दोन-अडीच तास?’’

यावर उत्तर नव्हतं आणि बाईंनी दिलंही नाही. त्यांनी खुर्ची पुढे सरकवून मुलीला बसायला सांगितलं आणि पाण्याची बाटली दिली. मला अजूनही वाटतं की ही दोन खात्यांच्या निर्णयांमध्ये राहिलेली फट होती आणि ती शाळा उघडायच्या आधी बुजवायला हवी होती. एका आदेशात मुलांना वर्गात बोलावलं, दुसऱ्यात त्यांना गाडीत चढू दिलं नाही, आणि मधलं अंतर आयांनी भरून काढावं अशी अपेक्षा ठेवली. मायलेकी गेल्या तेव्हा ताई बराच वेळ गप्प होती.

शिक्क्याचे कागद दाखवल्यावर खिडकीतून सीएसएमटी ते ठाणे असा पास हातात पडला, त्यावर ओळखपत्राचा क्रमांक छापलेला. आधी उलट्या दिशेने सीएसएमटीला गेलो, कारण ताईला सुरुवातीपासून सुरुवात करायची होती. दुपारची ठाणे गाडी, महिलांचा डबा. खिडक्या मिळाल्या. समोर एक नर्स बसल्या बसल्या झोपली होती, मास्क आणि त्यावर फेसशील्ड तसंच. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. भायखळ्याला स्थानकाच्या जुन्या दगडी इमारतीचं जतनाचं काम सुरू होतं, परांच्या बांधलेल्या. पहिल्या गाडीचा रस्ता हाच, असं ताई एकदाच म्हणाली. मग बोलली नाही. शीवच्या पुढे खाडीचा वास आला, मुलुंडनंतर डोंगर दिसले. ठाण्याला उतरून तिने फलाटावर चहा घेतला आणि त्याच फलाटावरून परतीची गाडी धरली. तिच्या दृष्टीने मुंबई तिथे अर्धी पाहून झाली होती.

उरलेली अर्धी बहुतेक बंद होती. राणीच्या बागेच्या फाटकाला कुलूप होतं. बाग १ नोव्हेंबरला उघडली, आम्ही त्याच्या आधी आलो. शिवाजी मंदिरातही नाटक नव्हतं. नाट्यगृहं २२ ऑक्टोबरपासून निम्म्या आसनांवर सुरू होणार हे जाहीर झालं होतं, आणि आत पाण्याचे आवाज येत होते. दारातला माणूस म्हणाला की खुर्च्या धुतोय, दीड वर्षात काय काय बसलंय त्यांच्यावर. मराठी माणसाने दादरला यावं आणि नाटक न पाहता परतावं याचं मला खरोखर वाईट वाटलं. पण त्या माणसाच्या अंगावरचा ओला सदरा पाहून बरंही वाटलं. कुणीतरी पडद्याआधीचं काम सुरू केलं होतं.

फिरायला बस बरी पडली. बेस्टमध्ये कुणी लस विचारत नव्हतं. टॅक्सीत चालक आणि आपण यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा जाड पडदा टांगलेला असायचा, त्यातून बोलणं नीट ऐकू येत नसे आणि सुट्टे पैसे खालच्या फटीतून यायचे.

गेटवेसमोर फोटो काढून जागच्या जागी छापून देणारे लोक उभे होते, गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याचे फोटो. त्यातल्या एकाने आमचा फोटो काढला. परदेशी पर्यटकांचे व्हिसा २०२०च्या मार्चपासून बंद होते आणि तोवर सुरू झाले नव्हते. शाळांच्या सहली नाहीत. गावाकडून येणारी मंडळी लोकलअभावी कमी. मधल्या काळात भाजी विकली, असं तो म्हणाला. कॅमेरा मात्र विकला नाही. काम करताना त्याचंही एक नवं तंत्र झालं होतं. आधी चौकट ठरवायची, अंतर ठरवायचं, उजेड पाहायचा, आणि सगळं तयार झाल्यावरच सांगायचं, ‘‘आता मास्क काढा, हसा, झालं.’’ पूर्वी गिऱ्हाईक हसेपर्यंत वाट पाहता यायची, आता तेवढा वेळ कुणी मास्क उतरवून ठेवत नाही, म्हणाला. शेजारी पालिकेचा मार्शल पावतीपुस्तक घेऊन फिरत होता. मास्क नसेल तर दोनशे रुपये दंड. फोटोपुरता मास्क काढणाऱ्यांकडे तो पाठ करून उभा राहायचा. दोघांमध्ये काही बोलणं झालेलं दिसलं नाही, पण समजूत पक्की होती.

७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली देवळं उघडली. त्या सकाळी आम्ही प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या बाहेर होतो. आत जायला अ‍ॅपवर वेळ नोंदवून क्यूआर कोड घ्यावा लागत होता. दारावरचा स्वयंसेवक कोड तपासायचा, दुसरा तापमान घ्यायचा, तिसरा हातावर सॅनिटायझर ओतायचा. प्रसाद नाही, तीर्थ नाही. बाहेरच्या फुलवाल्या बाईने दुर्वांच्या जुड्या मांडल्या होत्या. ‘‘आत हार चालत नाही, पण दुकान उघडं दिसू दे म्हणून बसले,’’ असं ती म्हणाली. ताईने तिच्याकडून हार घेतला आणि तो लॉजवरच्या खोलीत आरशाला घातला. पासष्टच्या वरच्यांनी घरी थांबावं अशी सूचना फलकावर होती. ती वाचून एक आजोबा रांगेतून स्वतःहून बाहेर झाले आणि रस्त्यापलीकडून कळसाला हात जोडले. त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

निघायच्या संध्याकाळी ताई पुन्हा त्या टेबलाकडे गेली. पासाचे बरेच दिवस शिल्लक होते. ते कुणा गरजूला देता येतील का, असं तिला विचारायचं होतं. दुसऱ्या पाळीतला तरुण कारकून म्हणाला, ‘‘नाही मावशी, तुमच्या ओळखपत्रावर आहे तो.’’ मग त्याने पास हातात घेऊन तारीख पाहिली आणि म्हणाला, ‘‘या परत तोवर.’’

ऑक्टोबरच्या मध्यावर रेल्वेने अठराखालच्यांनाही लोकलमध्ये घ्यायला सुरुवात केली, आणि महिन्याच्या अखेरीस दोन डोस झालेल्यांना रोजचं तिकीट मिळू लागलं. ही बातमी वाचल्यावर ताईने मला फोन केला. सरळ विषयावर आली: ‘‘कल्याणच्या त्या मुलीचे आठ-दहा दिवस तरी बुडाले असणार. आठवीचं गणित असतं, भरून काढायला जड जातं.’’