रक्तास पर्यायी द्रव्ये आणि त्यांचे वैद्यकीय उपयोग

‘कृत्रिम रक्त’ हा शब्द आकर्षक, परंतु दिशाभूल करणारा आहे. रक्ताची सर्व कार्ये करणारा द्रव अद्याप कोणासही सिद्ध करता आलेला नाही. या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये प्राणवायू वाहून नेण्याचे एकच कार्य करतात, आणि तेही अल्पकाळ.

तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन शुद्ध करून शिरेत सोडावे, ही कल्पना सकृद्दर्शनी सोपी वाटते. पेशीचे आवरण नाहीसे झाल्याने रक्तगटाचा प्रश्नच उरत नाही. परंतु सुमारे ६४,००० रेणुभाराचा हा रेणू आवरणाबाहेर दुभंगतो व त्याचे अर्धुके मूत्रपिंडातून गाळले जाऊन त्यास इजा करतात. अँबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीस असा द्राव दिला. त्याच्या १९४९ सालच्या वृत्तान्तात याच संकटाची नोंद आहे. पुढे रासायनिक बंधांनी रेणू जखडण्यात आला, तेव्हा दुसरे संकट उभे राहिले. मुक्त हीमोग्लोबिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे वाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब चढतो. नॅटन्सन प्रभृतींनी २००८ साली पाच द्रव्यांच्या १६ चाचण्यांतील ३,७११ रुग्णांची एकत्रित छाननी केली. तीत मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला, तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळजवळ पावणेतीन पट आढळला. हीमोग्लोबिन मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत कोंडण्याचे जपानमधील प्रयोग याच अडचणीतून निघाले आहेत.

फ्लुओरीनयुक्त कार्बनी द्रवांची कथा लहान आहे. ‘फ्लुओसोल’ला १९८९ साली अमेरिकेत हृद्रोहिणी रुंदावण्याच्या उपचारापुरती मान्यता मिळाली, १९९४ साली ते बाजारातून गेले.

तथापि वरील आकड्यांवरून हा विषय निकालात काढणे घाईचे होईल. जेथे रक्त उपलब्ध आहे, तेथे या द्रव्यांचे प्रयोजन नाही, हे उघड आहे. तुलना करावयाची ती रक्ताच्या अभावाशी. गाईच्या हीमोग्लोबिनापासून केलेल्या द्रव्यास दक्षिण आफ्रिकेने २००१ साली मान्यता दिली. धर्मश्रद्धेमुळे रक्त नाकारणाऱ्या तीव्र पांडुरोग्यांनाही ते अन्यत्र विशेष परवानगीने देण्यात आले आहे.

आपणांस अधिक जवळचे उदाहरण ‘मुंबई रक्तगटा’चे. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत या गटाची प्रथम नोंद केली. अशा व्यक्तीस ‘ओ’ गटाचे रक्तही मारक ठरते. स्वगटाचाच दाता शोधावा लागतो. अपघात वा प्रसूतीच्या वेळी तो सापडेपर्यंत रुग्णास काही तास जगविणारे पेशीविरहित द्रव्य अशा रुग्णास खरोखरीच उपयोगी पडेल.