विमान येण्याआधीचे कागद

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकच्या सद्दाम हुसेनचे सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि तिथे रोजीरोटीसाठी गेलेले लाखभराहून अधिक भारतीय एका रात्रीत अडकले. त्यांत केरळी सर्वाधिक, पण रत्नागिरी-रायगडकडचेही बरेच. त्यांच्या सुटकेची पुढची कथा तिच्यावरच्या सिनेमामुळे घरोघरी माहीत झाली. एअर इंडियाच्या 488 फेऱ्या, जवळजवळ दोन महिने. सिनेमात एका धनाढ्य नायकाने सगळे जमवले असे दिसते. ते जरा नायकाला झुकते माप आहे.

पहिली अडचण विमानांची नव्हतीच. हवाई दलाच्या विमानांना दर वेळी परक्या आकाशातून जायची परवानगी काढावी लागे, म्हणून नागरी विमाने पुढे आली. त्याहून मोठा घोळ कागदांचा. कामगाराचा पासपोर्ट बहुधा कफीलकडे, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या स्थानिक मालकाकडे, आणि कफील पळालेला. पासपोर्टवाचून सीमा ओलांडायची कशी? अशा वेळी दूतावास देतो तो कागद म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट: एकदाच, फक्त भारतात परतण्यापुरता चालणारा. इराकने कुवेतमधले दूतावास बंद करण्याचे फर्मान काढल्यावर आपला दूतावास इराकमधल्या बसऱ्याला हलला. लोक बसने बसरा, बगदाद करत वाळवंटातून जॉर्डनमधल्या अम्मानला पोहोचले आणि तिथून मुंबईला. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादमध्ये सद्दामला मिठी मारल्यावर बरीच टीका झाली. माझ्या मते, इराकच्या संमतीवाचून एकही बस हलली नसती हे टीकाकार विसरले.

पुढच्या सुटकाही अशाच वळणावळणाच्या होत्या. 2015 मध्ये येमेनच्या युद्धात अडकलेल्या भारतीयांना आणताना गोळीबारामुळे आयएनएस मुंबईला एडनच्या धक्क्याला लागता आले नाही. माणसे लहान होड्यांतून जहाजापर्यंत आणली गेली. मग समुद्रापलीकडे जिबूती, आणि तिथून हवाई दलाच्या विमानांनी मुंबई व कोची. या मोहिमेत इतर 40 हून अधिक देशांचे नागरिकही सुटले. 2023 मध्ये सुदानमधून अनेकांची सुटका झाली तीही पोर्ट सुदान ते जेद्दा अशी, आधी समुद्र आणि मग विमान.

या मोहिमांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण प्रश्न असा की ही मदत हक्क की मेहेरबानी? 1963 चा कॉन्सुलर संबंधांवरचा व्हिएन्ना करार नागरिकांना साहाय्य करणे हे वकिलातीचे काम मानतो. परंतु आपल्याकडे ‘अडकलेल्या नागरिकाला अमुक मिळेलच’ असे सांगणारा सर्वसमावेशक कायदा नाही. म्हणूनच 2022 मध्ये युक्रेनमधून आलेल्या विद्यार्थ्यांना तिकिटाचे पैसे पडले नाहीत, तर 2020 मध्ये करोनाकाळात ‘वंदे भारत’ मोहिमेतून परतणाऱ्यांनी भाडे स्वतः भरले. गरज दोघांची सारखीच होती, धोरण मात्र त्या-त्या वेळचे.

2009 पासून इंडियन कम्युनिटी वेलफेअर फंड आहे. पासपोर्ट-व्हिसाच्या कामांवर दूतावास जी किरकोळ जादा रक्कम घेतात ती त्यात जमते, आणि त्यातून संकटातल्यांचा निवारा, परतीचे तिकीट, मृतदेह पाठवण्याचा खर्च भागवता येतो. म्हणजे संकटाचा निधी परदेशी गेलेल्यांच्या खिशातूनही भरतो. मग तो मिळण्याचे निकष कायद्यात लिहायला कसली अडचण?

तोवर घरात कुणी आखातात निघाले असेल तर दोन गोष्टी कराच. पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा, आणि पोहोचल्या आठवड्यात दूतावासाकडे नाव-पत्ता नोंदवायला लावा. नोंद नसलेला माणूस दूतावासाला शोधायला वेळ लागतो, आणि युद्धात तेवढा वेळ मिळत नाही.