‘आपोआप’ची किल्ली कोणाकडे?

नवी मुंबईतल्या कोणत्याही नोडमध्ये, कोणत्याही सोसायटीत जा; टीव्हीच्या मागे नाही तर चपलांच्या कपाटावर एक छोटी पेटी हिरवे दिवे मिचकावीत बसलेली दिसेल. ती बसवायला आलेला मुलगा भिंतीला भोक पाडतो, केसासारखी बारीक काचेची तार आत ओढून घेतो, पेटीला जोडतो आणि हात पुसत सांगतो, ‘‘काका, पाच-दहा मिनिटं थांबा. आता सगळं आपोआप होईल.’’ आणि खरोखरच होते. दिवे लाल होतात, विझतात, पुन्हा हिरवे होतात, आणि नातवंडे टॅब घेऊन कोपऱ्यात जातात.

ज्याची नोकरी बँकेत झाली, त्याला ‘आपोआप’ या शब्दाची थोडी धास्तीच असते. बचत खात्यावर व्याज जमा होते, ते खातेदाराच्या दृष्टीने आपोआप. पण दर कोणीतरी ठरवलेला असतो, कोणीतरी तो यंत्रात घातलेला असतो आणि दुसऱ्या कोणीतरी तो तपासून सही केलेली असते. मग आपल्या चपलांच्या कपाटावरच्या या पेटीला कोण सांगते, काय सांगते, आणि ते सांगणे तपासते कोण?

या पेटीचे नाव राउटर. राउटर करतो काय, हे समजायला पूर्वीच्या रेल्वे डाकगाडीचा डबा आठवावा. भिंतीभर कप्पे, समोर उभा असलेला सॉर्टर, हातात पत्रांची थप्पी. पत्रात काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. पत्ता पाहायचा आणि योग्य कप्प्यात टाकायचे. त्याचे काम सोपे झाले ते १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या पिन कोडमुळे. ती योजना टपाल खात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याची, संस्कृतचे कवी असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची. वाशीचे पत्र ४००७०३ वर आणि बेलापूरचे ४००६१४ वर जाते, ते त्या शिस्तीमुळे. राउटर हा असाच सॉर्टर आहे. फरक एवढाच, की तो सेकंदाला हजारो पाकिटे वाटतो आणि कोणत्या पाकिटाला कोणता कप्पा हे त्याला आधी लिहून द्यावे लागते. या लिहून देण्याला म्हणतात कॉन्फिगरेशन.

१९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मोडेम फोनच्या तारेवर चित्कारत असे आणि त्याची मांडणी ज्याची त्याने करायची होती. पुढे ब्रॉडबँड आले, तेव्हा कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येई, १९२.१६८.१.१ असा आकडा टाकून पेटीच्या पोटात शिरे, नाव, पासवर्ड, गती असे एकेक रकाने भरी आणि चहा घेऊन जाई. एका घराला दहा मिनिटे धरा. एक लाख घरांना दहा लाख मिनिटे, म्हणजे साडेसोळा हजारांवर तास. रोज आठ तास काम करणारी दहा माणसे लावली, तरी दोनशेहून अधिक दिवस. आणि एवढे करून झाल्यावर वरून हुकूम आला की एक रकाना बदलायचा आहे, तर पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात!

या गुणाकारातून सुटण्यासाठी जो सर्व्हर उभारला जातो, तोच आपल्या ‘आपोआप’चा कारभारी. २००४ साली ब्रॉडबँड कंपन्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी नियमावली प्रसिद्ध केली. तिचे नाव रुक्ष आहे, टीआर-०६९. पण तिच्यातली कल्पना मोठी शहाणपणाची आहे. नवी पेटी चालू झाली की ती स्वतःच कारभाऱ्याला निरोप धाडते: मी अमुक कंपनीची, माझा अनुक्रमांक अमुक, आज पहिल्यांदाच जागी झाले, काय हुकूम? कारभारी आपल्या नोंदवहीत तो क्रमांक शोधतो, तो कोणत्या ग्राहकाला दिला आहे आणि त्याने किती गतीचे पैसे भरले आहेत ते पाहतो, आणि त्याप्रमाणे भरलेले रकाने पाठवून देतो. पुढेही ठराविक वेळाने पेटी हजेरी लावत राहते. मधेच काही सांगायचे असेल, तर कारभारी फक्त दाराची कडी वाजवतो. बोलणे सुरू करायचे ते पेटीनेच.

असा सर्व्हर उभारणे हे ऐकताना फार तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात त्याची पहिली पायरी कोणत्याही जुन्या कचेरीला ओळखीची आहे. आधी यादी हवी. किती पेट्या, कोणत्या बनावटीच्या, कोणाच्या घरी. यादी चुकली, तर पुढचे सगळे झकास चालूनही चुकीच्याच दारी जाते. मग साचा हवा: सर्वांना समान असलेला मजकूर एकदाच लिहायचा आणि फक्त नाव, क्रमांक, गती यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या. बँकेत कर्जाचे छापील करारपत्र असे, तसेच. तिसरी गोष्ट ओळखपत्राची. पेटीने कारभाऱ्याला आणि कारभाऱ्याने पेटीला ओळखले पाहिजे, नाही तर तोतया हुकूम सोडील. चौथी, जुन्या मांडणीची प्रत जपून ठेवायची. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची: कोणताही बदल आधी दहा पेट्यांवर, मग शंभरांवर, आणि सारे ठीक दिसले तरच लाखांवर.

घरातल्या पेट्यांची ही गोष्ट झाली. टेलिफोन कंपन्यांच्या आणि डेटा सेंटरच्या पोटात जे कपाटाएवढे राउटर असतात, त्यांचे कामही आता याच वळणाने चालते. ठाणे-बेलापूर पट्टी एके काळी रसायनांच्या वासावरून ओळखली जाई. आज ऐरोली, रबाळे, महापे इथे खिडक्या नसलेल्या इमारतींत रात्रंदिवस सर्व्हर घुमत असतात. घणसोलीत रिलायन्स जिओचे मुख्यालय आहे. तिच्या घरगुती फायबर सेवेची सुरुवात २०१९ च्या ५ सप्टेंबरची. सीबीडी बेलापूरला स्टेट बँकेचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे. सिडकोने १९७० नंतर आखलेल्या या शहराने गोदामे आणि बाजारपेठा मुंबईबाहेर आणल्या, आणि आता देशाच्या हिशेबाच्या वह्याही इथे येऊन बसल्या आहेत.

पण जिथे सोय असते, तिथेच धोकाही असतो. पूर्वी कारकुनाच्या हातून चूक झाली, तर एक खाते बिघडे. संध्याकाळी बेरीज जुळली नाही की सगळी शाखा थांबून ते पंचवीस पैसे शोधी. सर्व्हरची चूक एकाच क्षणी लाखो दारांत शिरते.

२०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांच्या पेट्या बंद पडल्या. कडी वाजवण्यासाठी ठेवलेले दार, ज्याचा क्रमांक ७५४७, ते साऱ्या जगाला उघडे राहिले होते आणि कारभाऱ्याऐवजी भलतेच कोणी ती वाजवत होते. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जुलैत, आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका घातक प्रोग्रॅमने निकामी केले. कारखान्यातून येताना दिलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड अनेक पेट्यांवर तसाच होता. कुलूप होते, पण किल्ली कुलपालाच टांगलेली!

हे चोरांचे झाले. घरच्या माणसांच्या हातूनही घडते. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला रात्री नऊच्या सुमारास आपली फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम ही सारी मंडळी एकदम मुकी झाली ती पहाटेपर्यंत. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका हुकुमाने कंपनीच्या जगभरच्या डेटा सेंटरना जोडणारे मधले रस्तेच तोडले होते. असा हुकूम अडवण्यासाठी तपासणीची व्यवस्था होती. त्या व्यवस्थेतच दोष निघाला. म्हणजे तपासनीस खुर्चीवर होता, पण त्याला चूक दिसली नाही. दुरुस्तीला गेलेल्या इंजिनियरांना इमारतीत आणि यंत्रांपर्यंत पोचायलाही वेळ लागला. २०२२ च्या ८ जुलैला कॅनडात रॉजर्स कंपनीच्या एका मोठ्या राउटरवरची एक गाळणी देखभालीच्या ओघात काढली गेली आणि माहितीचा लोंढा आतल्या यंत्रांवर कोसळला. एक कोटी वीस लाखांहून अधिक लोकांची सेवा गेली. दुकानांत डेबिट कार्ड चालेनात, अनेकांना तातडीचा ९११ क्रमांकही लागेना.

बँकेत या आजारावर फार जुना उपाय आहे. व्हाउचर लिहिणारा एक आणि ते मंजूर करणारा दुसरा. एकाच माणसाने दोन्ही सह्या करायच्या नाहीत, मग तो कितीही भरवशाचा असो. ही पद्धत अविश्वासातून आलेली नाही. थकलेल्या डोळ्याला स्वतःचीच चूक दिसत नाही, या अनुभवातून ती आली आहे. चांगल्या नेटवर्क कंपन्याही हेच करतात: एकजण बदल लिहितो, दुसरा वाचतो, आणि बदल शक्यतो मध्यरात्रीनंतर करतात. काही मोठ्या राउटरमध्ये तर एक सुंदर सोय असते. बदल केल्यावर दहा मिनिटांत ‘होय, ठीक आहे’ असे पुन्हा सांगितले नाही, तर राउटर आपणहून जुन्या मांडणीवर परत जातो. बदल करणाऱ्याचाच संपर्क तुटला असेल, तर तो होय कसे म्हणणार? त्या गप्प राहण्याचा अर्थ यंत्राने ‘नाही’ असा घ्यायचा. बऱ्याच माणसांनाही हे जमत नाही.

यात आणखी एक प्रश्न आहे, तो पोटापाण्याचा. घरोघर जाऊन रकाने भरणाऱ्या मुलाचे काय झाले? बँकांत संगणक आले तेव्हा लेजर लिहिणाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता. तो मुलगा आजही येतो, कारण भिंतीला भोक सर्व्हरला पाडता येत नाही. पण त्याच्या हातातला जाणतेपणाचा भाग वर, सर्व्हरच्या खोलीत गेला. पेटी रुसली की आता तोही आपल्यासारखाच दिव्यांकडे पाहत उभा राहतो आणि फोन लावतो. त्याला त्या खोलीचा जिना चढता येईल असे शिक्षण द्यायचे, की आयुष्यभर शिडीवरच ठेवायचे, हे सर्व्हर ठरवणार नाही. ते ठरवणारी माणसेच आहेत.

आपल्या हाती थोडेच आहे, पण जे आहे ते सोडू नये. पेटीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवावा. पेटी भाड्याची आहे की आपली, तिची मांडणी बाहेरून कोण बदलू शकतो आणि बिघडले तर माणसाशी बोलता येईल असा क्रमांक कोणता, एवढे तीन प्रश्न बसवायला आलेल्या मुलाला विचारावेत. त्याला उत्तरे ठाऊक नसतील, तर त्याच्यावर चिडू नये. त्याने वर फोन करून ती विचारून घेईपर्यंत चहा मात्र जरूर द्यावा.