कॅलेंडरने उघडलेलं दार

२३ मे २०१९. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात टेरे होटच्या केंद्रीय तुरुंगातून जॉन वॉकर लिंड बाहेर पडला. वीस वर्षांची शिक्षा, पण भोगली साधारण सतरा. लोक चवताळले. तालिबानकडून लढलेल्या अमेरिकन माणसाला सूट कशी? पण कोणी दया दाखवलीच नव्हती. तिथल्या केंद्रीय तुरुंगांत १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोल नाही. नियमाने वागलं तर वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस कमी होतात. हा हिशेब खिसेकापूला आणि तालिबानच्या शिपायाला एकच!

हा मुलगा सोळाव्या वर्षी मुसलमान झाला, सतराव्या वर्षी अरबी शिकायला कॅलिफोर्नियातून येमेनला गेला. मग पाकिस्तानातला मदरसा, आणि २००१च्या उन्हाळ्यात अफगाणिस्तान. नोव्हेंबरात तो पकडला गेल्यावर मझार-ए-शरीफजवळच्या काला-ए-जंगी किल्ल्यात सीआयएचा अधिकारी माइक स्पॅन त्याची चौकशी करतो, त्याचं चित्रीकरण आहे. लिंडचे हात कोपरांपाशी मागे बांधलेले, लांब केस तोंडावर आलेले. प्रश्नांमागून प्रश्न, आणि तो गप्प. काही तासांतच कैद्यांनी उठाव केला आणि त्यात स्पॅन मारला गेला. तळघरात लपलेल्यांवर थंडगार पाणी सोडलं गेलं. शेवटी ८६ जण जिवंत निघाले, त्यांत लिंडही होता.

२००२मध्ये त्याने दोन गुन्हे कबूल केले: तालिबानची सेवा, आणि ती करताना स्फोटकं बाळगणं. अमेरिकनांना मारण्याच्या कटाचा आरोप मागे घेतला गेला. स्पॅनच्या वडिलांनी पुढे सुटकेला उघड विरोध केला. पोटचा मुलगा गेलेल्या बापाला हा हिशेब कसा पटावा?

तुरुंगातली एक गोष्ट मात्र वाचताना थक्क व्हायला होतं. लिंडच्या कक्षात पत्रं आणि फोन यांवर सतत पाळत असे. तिथे मुसलमान कैद्यांना सामूहिक नमाज आठवड्यातून एकदाच पढता येई. लिंडने खटला भरला. कैदी एरवी एकत्र जमतात, पत्ते खेळतात, मग प्रार्थनेलाच धोका कसला? २०१३मध्ये न्यायाधीश जेन मॅग्नस-स्टिन्सन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. आधार होता १९९३च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा, आणि तो कायदा झाला होता मूळ अमेरिकन आदिवासींच्या विधीत वापरल्या जाणाऱ्या पेयोट या निवडुंगाच्या वादामुळे! ज्या देशाशी दगा केल्याचा ठपका लिंडवर होता, त्याच देशाच्या कायद्याने त्याला न्याय दिला. कायद्याचं बळ मला इथे दिसतं.

सुटकेनंतर देखरेखीची तीन वर्षं होती. इंटरनेटचं साधन परवानगीशिवाय नाही, आणि मिळालं तरी त्यावर सतत नजर. ऑनलाइन संवाद इंग्रजीतच. दुसऱ्या भाषेला वेगळी मंजुरी हवी. पासपोर्ट कुठलाही बाळगायचा नाही. (आजीच्या नात्याने त्याने तुरुंगातूनच आयर्लंडचं नागरिकत्व मिळवलं होतं.) शिवाय मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन, आणि अतिरेक्यांशी संबंध बंद.

त्याचे विचार बदललेच नाहीत, असा दावा २०१७च्या एका सरकारी अहवालात होता. तो खरा मानला तरी सुटकेची तारीख पुढे ढकलता येत नव्हती, कारण शिक्षा कृत्याची होती. देखरेखीची मुदत मे २०२२मध्ये संपली.