वैनगंगेच्या काठचे विस्मृत नगर

किनाऱ्यावरील ऐतिहासिक गाव म्हटले की पर्यटकांच्या डोळ्यांपुढे मुरुड, हर्णै, विजयदुर्ग अशी कोकणातील नावे उभी राहतात. विदर्भाला समुद्र नाही. मात्र नदीकाठ आहे. भंडारा जिल्ह्यातील दिघोरी (मोठी) येथून लाखांदूरमार्गे वैनगंगा ओलांडली, की पवनी हे तालुक्याचे गाव लागते. दोन हजार वर्षांहून अधिक काळ अखंड नांदत असलेले हे नगर आजही प्रामुख्याने बाजाराचे गाव म्हणूनच ओळखले जाते.

पवनीच्या तीन बाजूंना मातीची उंच तटबंदी आणि खंदक असून चौथी बाजू नदीने सांभाळली आहे. जुन्या तटबंदीवर पुढील काळात दगडी बांधकाम झाले. त्यातील जवाहर दरवाजा गावात शिरताना लक्ष वेधून घेतो. आतील गल्ल्यांतून चालत गेल्यास घाट व मंदिरे लागतात. विदर्भातील अष्टविनायकांपैकी सर्वतोभद्र, म्हणजेच पंचमुखी गणेश, याच गावी आहे. रेशीमकाठी तलम वस्त्रे विणणाऱ्या कोष्टी कारागिरांमुळेही पवनीची एके काळी ख्याती होती.

पवनीचे खरे वैभव मात्र मातीखाली होते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे संयुक्त उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखालील या कामात जगन्नाथ टेकडीवर मौर्य-शुंगकालीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उघडकीस आले. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर. म्हणजे आकाराने सांचीच्या महास्तूपाच्या तोडीचा. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दानकर्त्यांची नावे कोरलेली सापडली. एका स्तंभावर पाच फणांचा नाग असून तो मुचलिंद असल्याचे शिल्पकारानेच लिहून ठेवले आहे. बुद्धाची मूर्ती मात्र तेथे नाही. त्याचे रिकामे आसन आहे. बुद्धाला मानवी रूपात न दाखविण्याच्या काळातील ही कला आहे.

गंमत अशी, की टेकडीवर जाणाऱ्या प्रवाशाला यातील फारच थोडे दिसते. नाव देवाचे, माथ्यावर देऊळ आणि पोटात स्तूप, अशी तिची अवस्था. माहिती देणारा जाणकार सोबत नसेल तर मातीचा ढिगारा पाहून परतण्याची वेळ येते. भार वंशातील राजा भगदत्त याचा पादुकापट्टावरील लेख किंवा महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्तंभ यांचे महत्त्व अभ्यासक जाणतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांवर लिहिलेही. परंतु ही नावे गावातील शालेय मुलांपर्यंत पोहोचवणारे साधन गावातच हवे. पुराव्याची वस्तू एकीकडे आणि तिची जागा दुसरीकडे, ही पवनीची मोठी अडचण आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकची कथाही तीच. नागभीड परिसरातील या लहानशा खेड्यात सापडलेल्या शिलेवर दोन लेख आहेत. प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा एक लेख मौर्यकाळातील, तर दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. एकाच दगडावर सुमारे सहा शतकांचे अंतर! रुपिअम्माच्या स्तंभाप्रमाणे ही शिलाही आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

पवनीपासून काही किलोमीटरवर गोसीखुर्द धरण आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाचे ३३ दरवाजे पाहण्यासाठी पावसाळ्यात गर्दी होते. त्याच गर्दीतील काही पावले जगन्नाथ टेकडीकडे वळण्यास हरकत नाही.

नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे पवनी सुमारे ८० किलोमीटर आहे. निघण्यापूर्वी १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे संग्रहालय, लोकांच्या तोंडचा ‘अजब बंगला’, पाहून घ्यावे; तेथे सोमवारी सुटी असते.